हेराल्डवाले काका आणि फायबरचं बॉनेट

सोसायटीत स्टँडर्ड हेराल्ड बाळगणारा एखादा गृहस्थ असला की तुमच्या रविवार सकाळवर त्याचा हक्क लागू होतो. पेपर नुकता हातात घेतलेला असतो आणि खालून हाक येते, "आहात का? नुसता हात लावायचाय." हात लावणं म्हणजे धक्का मारणं, हे नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात कळतं. आमचे हेराल्डवाले काका बँकेतून निवृत्त झालेले. बंडीच्या खिशात इंचाचे पाने, कारण या गाडीला मिलिमीटरचा पाना चालत नाही. दुसऱ्या खिशात लोहचुंबक. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक गाड्यांचे फोटो काढत असताना काका दुसऱ्याच्या मडगार्डला हळूच चुंबक लावून बघत. चिकटला नाही की आत लांबी भरलेली आहे हे ओळखायचं आणि मालकाला ऐकू जाईल इतपत "हं" म्हणायचं.

गाडीचा इतिहास ऐकल्याशिवाय तिच्या दाराला हात लावता येत नाही. मूळची ट्रायम्फ, १९५९ची. रेखाटन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं. १९६१पासून ती मद्रासला तयार होऊ लागली, इंजिन ९४८ सीसी. पण खरी गंमत तिच्या तोंडाची. दोन्ही मडगार्डं, दिवे, नाक असं सगळं मिळून एकच बॉनेट, आणि ते आख्खंच्या आख्खं पुढे उलटतं. मग खुशाल चाकावर बसून प्लग साफ करा. काका पाहुण्यांना चहाच्या आधी हे दाखवतात.

या सोयीची किंमत पावसाळ्यात कळते. दिव्याखाली गंज धरला तरी प्रश्न आख्ख्या तोंडाचा होतो. डेंटरने पत्रा कापला, जोडला, लांबी भरली, पुढच्या वर्षी पुन्हा कापला. शेवटी शेवटी टिचकी मारली की नुसता बद्द आवाज यायचा. नाना पेठेत सगळं मिळतं, हेराल्डचं बॉनेट सोडून. तेव्हा ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं सोवळं तपासलं, त्या काकांनी फायबर करायचं ठरवलं.

ठरवल्यावर समर्थन आलंच. "अहो, कॉर्व्हेट! १९५३ साली फ्लिंटला तीनशे गाड्या केल्या शेव्हरोलेने, आख्खी बॉडी फायबरची. त्यांना कोण हसलं?" आम्ही कुणीच हसलो नव्हतो.

कारागीर मिळाला तो गणेशमंडळांचे देखावे करणारा. त्याच्या शेडमध्ये रावणाची मुंडकी ओळीने वाळत होती, त्यांच्या पंगतीला काकांचं बॉनेट. जुन्या पत्र्याला मेण चोळून त्यावरून साचा काढायचा, साच्यात आधी जेलकोट, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर. फायबर फार प्रामाणिक. साच्यात असेल ते उतरवतं. त्यामुळे कधीकाळी एका टेम्पोने डाव्या दिव्याखाली दिलेला पोचाही नव्या बॉनेटवर जसाच्या तसा आला. कारागिराकडचा पोरगा म्हणाला, "काका, भरून टाकतो." काका कडाडले, "हात लावू नकोस. तो ओरिजिनल आहे!"

बसवायच्या दिवशी काका, तो पोरगा, वॉचमन आणि मी. पत्र्याचं धूड उतरवताना चौघांच्याही कमरा बोलल्या. फायबरचं एकट्या वॉचमनने डोक्यावरून आणलं. आणणं सोपं, बसवणं कठीण. दार आणि बॉनेट यांच्यातली फट काका रुपयाच्या नाण्याने मोजत होते. डावीकडे दोन नाणी आरामात जात, उजवीकडे एकही जाईना. पुढचे बोल्ट सैल करायचे, नाक चिमूटभर उचलायचं, पुन्हा नाणं. उजवीकडची कड कानस मारून उतरवली तेव्हा तिचा भुगा आम्हा सर्वांच्या मानेत गेला. फायबरची खाज ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याचा विश्वास बसणार नाही. काकूंनी ते कपडे मशीनजवळही येऊ दिले नाहीत. बोल्टखाली रुंद वायसर घालून पोरगा हलक्या हाताने आवळत होता, कारण जास्त आवळलं की फायबर तडकतं. हे काकांनी त्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याने पानाच काकांच्या हातात दिला. पुढच्याच मिनिटाला बारीकसा "कट्" ऐकू आला. कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी दिवे लावले. लागले नाहीत. बल्ब बदलले, फ्यूज पाहिले, बॅटरीला दोष देऊन झाला. मग वायरमन आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "साहेब, अर्थिंग कुठाय?" पत्र्याच्या गाडीत करंटला परत जायला पत्राच असतो, फायबरमधून करंट जात नाही, तिथे वेगळी वायर ओढावी लागते. काका शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं. तुम्हाला कळतंय का, बघत होतो."

आता खरी चिंता कागदांची आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपातली हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. बॉनेट बॉडी शेलमध्ये मोडतं का, यावर काका तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना जिन्यात गाठतात. "टोपी बदलली म्हणून माणूस बदलतो का?" वकील आता लिफ्टने जातात. वेळ आलीच तर परत चढवायला जुनं बॉनेट गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलं आहे, त्याबद्दल सेक्रेटरींची नोटीसही आलेली आहे. मेळाव्याला काका अजून जातात, पण चुंबक घरी असतो. फ्रीजवर विजेचं बिल धरून.

तेव्हा एखाद्या रविवारी जंगली महाराज रस्त्याला फिकट निळी हेराल्ड उभी दिसली तर जरूर थांबा, कौतुक करा, धक्का मारायलाही मदत करा. फक्त बॉनेटला टेकू नका, आणि डाव्या दिव्याखालच्या पोच्याबद्दल विचारू नका. विचारलंत तर दुपारचं जेवण विसरा.