चार बोटं

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘माजी सचिवांचे मनोगत’ मी दहा मिनिटांत लिहिलं आणि फोटोवर नऊ रात्री बसलो. मनोगत कोण वाचतं? फोटो सगळे बघतात.

मी बरा दिसतो असा एकच फोटो आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर भाच्याने काढलेला. रेशमी कुर्ता, चेहऱ्यावर तेज (उटण्याचं, पण तेजच). अडचण एवढीच, की शेजारी आई आहे आणि मागे निम्मी डोंबिवली.

फोटोशॉपमध्ये इरेजरने गर्दी पुसायला घेतली, तर फ्लेक्स बनवणारा ओळखीचा पोरगा किंचाळलाच. ‘‘काका, पुसताय काय! मास्क लावा.’’ लेयरच्या शेजारी एक पांढरा चौकोन येतो. त्यात काळा ब्रश फिरवला की तेवढं झाकलं जातं, पांढरा फिरवला की परत येतं, राखाडी फिरवला तर माणूस भुतासारखा अर्धवट दिसतो. मूळ फोटोला धक्का नाही.

या ज्ञानाचा उगम वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही चौकात मान वर करा. वर गोलात वरिष्ठ, मधे कानाला मोबाइल लावलेले भाई, खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक. प्रत्येक मुंडकं वेगळ्या लग्नातून कापून आणलेलं, त्यामुळे एखाद्याच्या कानाशी दुसऱ्याच्याच मुंडावळ्या लोंबतात. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली आणि मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा आपला कायदा १९९५ चा. म्हणजे कायद्याला यायला वर्षभराचाच उशीर झाला. पण खरी गंमत पुढे आहे. वरच्या गोलातले चेहरे रातोरात पक्ष बदलतात, म्हणून हा पोरगा कुणालाही पुसत नाही. ‘‘काळा मारून ठेवतो, काका. निवडणुकीनंतर परत पांढरा.’’ त्याच्या एकाच फाइलीत सगळ्या पक्षांचे सगळे नेते एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेले आहेत.

घरी पहिल्या रात्री मास्कऐवजी फोटोच्याच चौकोनावर क्लिक केलं आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासलं. दुसऱ्या रात्री पोट झाकलं, तर पोटाच्या जागी बुद्धिबळाचा पट निघाला. ते गुपचूप परत आणलं. तिसऱ्या रात्री दुसऱ्या एका फोटोतले केस आणून डोक्यावर बसवले आणि कडा मऊ ब्रशने विरवल्या. त्याबद्दल इथे अधिक बोलत नाही.

डोंबिवली गेली. मग आई. आधी पदर, मग अंबाडा, मग चष्मा. चष्म्यापाशी ब्रश थांबला. पुढच्या दिवाळीला ती नव्हती. त्या पहाटे गर्दीत मी तिला ‘‘चल ना गं लवकर, किती रेंगाळतेस’’ म्हणून खेकसलो होतो. फोटोत ते दिसत नाही. फोटोत मी तेजस्वी आहे.

ती गेली, पण माझ्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली. धक्का लागून पडू नये म्हणून घट्ट धरलेली. तीही झाकली, तर खाली कुर्ता निघेना, पुन्हा तोच पट.

‘‘मास्क फक्त झाकतो, काका,’’ पोरगा म्हणाला. ‘‘बोटांखालचा कुर्ता कॅमेऱ्याने बघितलाच नाही, तो कुठून आणणार? बाजूचं कापड उचलून ठिगळ मारतो. पन्नास रुपये.’’

‘‘राहू दे.’’

स्मरणिका निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या. मनोगताबद्दल अक्षर नाही.

‘‘अहो, खांद्यावर हात कुणाचा हा?’’

‘‘आईचा.’’

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, ‘‘आणि केस?’’