नवशिक्यांसाठी नेटचा वेग : मानेसर आवृत्ती

ही मार्गदर्शिका चाकण-रांजणगावहून बदली होऊन मानेसरला आलेल्या मराठी माणसासाठी आहे. त्याला आयएमटीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी असते, सेक्टर १ मध्ये किंवा कासनच्या बाजूला भाड्याचा फ्लोअर मिळालेला असतो, आणि रात्री नऊला साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला की आईचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजतो. आई म्हणते, "तुझंच नेट गेलंय." नेट कंपनीचा भैया म्हणतो, "सर जी, लाइन तो एकदम ओके है." खरं काय ते बहुधा तुमच्या चपलांच्या कपाटावर असतं.

पायरी पहिली. पलंगावर आडवं पडून मोबाईलवर स्पीडटेस्ट लावा. काटा फिरेल, आकडा येईल, पाठोपाठ संताप येईल. बहुतेक जण इथेच थांबतात आणि कस्टमर केअरला फोन लावतात. तुम्ही थांबू नका, कारण तुमची लाइन अजून मोजलीच गेलेली नाही. मोजला गेला तो पलंगापासून राउटरपर्यंतचा वायफाय, मधल्या दोन भिंतींसकट.

पायरी दुसरी, आणि खरं सांगायचं तर एवढीच महत्त्वाची. लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडा. टीव्ही बंद करा, रूममेटचे फोन वायफायवरून उतरवा. ऑफिसचा व्हीपीएन आठवणीने बंद करा. जपानी कंपनीत असाल तर वेग जपानमार्गे मोजला जाण्याची शक्यता आहे. आता जो आकडा येईल तो लाइनचा. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय आणि आकडा ९४-९५ वर हटून बसलाय? मग लाइनला शिव्या देऊ नका, केबलचं टोक डोळ्यांसमोर धरा. पारदर्शक कनेक्टरमध्ये आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. घाईत आलेला भैया कधीकधी चारच बसवतो. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर काही जात नाही. त्यापुढे आठही लागतात. आठही जागेवर असतील तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का पाहा. प्लॅन वाढवून यातलं काहीही सुधारत नाही, बिल मात्र सुधारतं.

केबलवर आकडा झकास आणि पलंगावर रडका, तर दोष राउटरच्या जागेचा. राउटर तिथेच बसतो जिथे भैयाची वायर संपते: दारामागे, मीटरच्या पेटीशेजारी, चपलांच्या कपाटावर. त्याला घराच्या मध्यावर, उंचावर आणा. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण तिथे सगळ्या इमारतीची गर्दी, वर मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत दिसली की हात टेकतो. वायफायच्या यादीत 'यादवजी ५जी' असं नाव दिसलं तर ते हेच. मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचं काही नातं नाही.

आता आकड्याचा अर्थ. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल डाउनलोड करताना संगणक मात्र मेगाबाइट दाखवतो, आणि एका बाइटात आठ बिट. म्हणजे १०० च्या लाइनवर साडेबारा दिसले तर तुमची फसवणूक झालेली नाही. कंपन्या बिटांतच बोलतात, जसा पगार रुपयांऐवजी पैशांत सांगावा. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २०१३ पासून ५१२ केबीपीएस पुरत होते. २०२३ मध्ये ती पायरी २ एमबीपीएसवर गेली. एचडी सिनेमाला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. दोघांच्या घरात ३०० कशाला लागतात, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

व्हिडिओ कॉल अडकतो तो बहुतेकदा अपलोडमुळे किंवा पिंगमुळे (निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), आणि या दोन आकड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. चाचणीचं ॲप आपणहून जवळचा, म्हणजे गुडगाव किंवा दिल्लीचा सर्व्हर निवडतं. तिथे पिंग सुंदरच येणार. यादीतून मुंबईचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मानेसर-मुंबई जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर धरले तरी १२-१३ मिलिसेकंद निसर्गच घेतो. ३०-४० आले तर समाधान माना. २०० आले, किंवा दर चाचणीला आकडा माकडासारखा उड्या मारत असेल, तर तक्रारीला जागा आहे. हीच चाचणी साताऱ्यालाही करायला लावा. आईला वाईट वाटेल, पण दोन टोकांच्या कॉलला दोन्ही टोकं मोजावीच लागतात.

सकाळी सहाला मोजून खूश होऊ नका. एका फायबरचे सुमारे अडीच जीबीपीएस बत्तीस, कधी चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि ती सगळी घरं रात्री नऊलाच मॅच लावतात. म्हणून सकाळ, संध्याकाळ, रात्र असं काही दिवस मोजा आणि दर वेळी वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. महिनाअखेरीस वेग अचानक मेला तर 'अनलिमिटेड' प्लॅनच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. अनेक प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर लगाम ओढलेला असतो. आणि बॉक्सवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर वेग मोजण्याचा प्रश्नच येत नाही, फायबर तुटलंय किंवा सुटलंय.

एवढं करून फोन लावा. "नेट स्लो है" म्हणू नका. "केबलवर, रात्री साडेनऊला, ३०० च्या प्लॅनवर ४० येतात" असं सांगा. भैया राउटर बंद-चालू करायला सांगेल. करा, वाद घालू नका. पण तक्रारीचा नंबर मागून घ्या, आणि तो मेसेजवर आल्याशिवाय फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न त्या नंबराचाच असतो.