कागदोपत्री भाच्याचे घरमालक मामांस खुले पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
जुळे सोलापुरातल्या तुमच्याच वरच्या मजल्यावरून भाच्याचा साष्टांग नमस्कार.

हे नाते तुम्हीच जोडलेत. महापालिकेचा माणूस पाहणीला आला, तेव्हा जिन्यातूनच तुम्ही ओरडून सांगितलेत, "वर भाडेकरू कुठला? बहिणीचा मुलगा असतो!" घरपट्टी ठरते ती घराला वर्षाकाठी मिळू शकणाऱ्या भाड्यावरून, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात आणि उरलेल्यावर कर बसतो. तेव्हा वर भाडेकरू सापडण्यापेक्षा भाचा सापडलेला बरा, हे मलाही पटले. मी बनियनवरच बाहेर येऊन "मामा, चहा टाकू का?" असे विचारले. त्या माणसाने माझ्या दाराशेजारचा वेगळा वीजमीटर पाहिला. पण नात्यापुढे तोही बिचारा काय बोलणार?

एक तारखेला मात्र हे नाते तुटते. घरपट्टी वाढणार अशी नुसती कुणकुण लागली आणि तुम्ही भाडे पाचशेने वाढवलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 म्हणतो की करापोटी भाडे वाढवायचे तर कर वाढला तेवढेच वाढवावे. कर वर्षाला बाराशेने वाढला, तर भाडे महिन्याला शंभराने. पण तो कायदा भाडेकरूंचा. भाच्यांनी त्यात नाक खुपसू नये.

कर उतरला की तुमच्या कानावर काहीच येत नाही. एप्रिल 2025 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला. आधी ही मर्यादा 7 लाख होती. तुमचे पेन्शन आणि माझे भाडे मिळून सातच्या पुढे, बाराच्या आत. (भाडे तुम्ही विवरणपत्रात दाखवता, हे मी धरूनच चालतो. मामांवर संशय घेऊ नये.) भाडे उतरेल म्हणून वाट पाहिली. तुम्ही पेढा दिलात. एक.

शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तीही एकही पावती न दाखवता. म्हणजे माझ्या दहा हजारांतले जवळपास तीन हजार दरमहा या घरावर खर्च होतात, अशी सरकारची भाबडी समजूत आहे. इथे काही दिवसांआड येणारे पाणी गळक्या टाकीतून वाहून जाते आणि मोरीतल्या नळाचा वायसर मीच बदलतो.

मामा, भाडे कराने ठरत नाही. जूनमध्ये कॉलेजची पोरे खोल्या शोधत आली की ते चढते आणि खोली दोन महिने रिकामी राहिली की कर तोच असूनही उतरते. कर हे निमित्त. तेही फक्त चढताना आठवते.

शेवटी एक व्यवहाराचे. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याच भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा या आठवड्यात करार नोंदवून टाकू, खर्च निम्मा-निम्मा. नाहीतर भाडे किती ठरले होते, ते मी सांगेन.

आपला,
तूर्तास भाचा