रेकॉर्ड कशी ऐकू नये

रॉकच्या रेकॉर्डी जमवू पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. दुकानातून आणलेली रेकॉर्ड तो घरी येऊन लावतो. पैठणी घ्यावी आणि त्याच संध्याकाळी घडी मोडून मंडईत भाजी आणायला नेसून जावे, तसला हा प्रकार आहे. तबकडीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. त्या सबंध वाटेवरून हिऱ्याचे एक टोक घासत जाते. सुईचा भार तसा दोनेक ग्रॅमच, चहातल्या अर्धा चमचा साखरेएवढा. पण तो ज्या जागेवर टेकतो ती केसाच्या जाडीहूनही बारीक, त्यामुळे खाचेच्या भिंतींवर दाब प्रचंड पडतो. आणि भिंती कशाच्या, तर मोरीच्या पाइपाच्या भाऊबंदांतल्या प्लास्टिकच्या. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या एकाच चालीने घेत असली, तरी वाट आत आत जाताना आखडत जाते. कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, लेबलाजवळ ती जेमतेम वीस सेंटिमीटरवर येते. म्हणून शेवटच्या गाण्याचा आवाज लोकलच्या दारात चेंगरल्यासारखा येतो. म्हणजे ऐकल्याने रेकॉर्ड झिजते आणि शेवटाकडे ती धड ऐकूही येत नाही. एवढा पुरावा समोर असताना सुई टेकवणाऱ्याला संग्राहक म्हणता येणार नाही, फार तर श्रोता म्हणता येईल.

बाजाराचा कौलही हाच आहे. अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ या संग्राहकांच्या मासिकाने रूढ केलेली प्रतवारी जगभर चालते, आणि ती पाठ असल्याशिवाय या व्यवहारात पाऊल टाकू नये. वरून खाली येताना मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि मग गुड अशा पायऱ्या लागतात. यातली ‘गुड’ म्हणजे खरखरणारी, ओरखड्यांची, कव्हरच्या शिवणी उसवलेली रेकॉर्ड. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ या शब्दांचा जाहिरातीत जो अर्थ असतो, तोच इथे ‘गुड’चा. ‘मिंट’ हा शब्द सज्जन विक्रेता सहसा न फोडलेल्या रेकॉर्डीसाठीच राखून ठेवतो. यावर शंकेखोर विचारील, की फोडलीच नाही तर आत काय आहे हे कळणार कसे? तबकडी वाकलेली असेल, भलतीच असेल, दुकानदाराने जुन्या मालावर नवे प्लास्टिक चढवलेले असेल. शंका रास्त आहे. असे होतेही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तिच्यात मूठ उघडून खात्री करून घ्या असे कुठेही म्हटलेले नाही.

प्रगत अभ्यासासाठी बीटल्सची दोन उदाहरणे घ्यावीत. १९६६ च्या जून महिन्यात अमेरिकेत ‘यस्टरडे अँड टुडे’ हा अल्बम आला. त्याच्या कव्हरवर चौघे खाटकाचे पांढरे डगले घालून, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या अंगावर घेऊन बसले होते. गहजब झाला, कंपनीने माल परत मागवला आणि बऱ्याच कव्हरांवर एक सोज्वळ फोटो चिकटवून तीच पुन्हा बाजारात सोडली. तेव्हापासून या कव्हराच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिली म्हणजे ज्यावर काही चिकटवलेच नाही ती, दुसरी चिकटवलेली पण अजून न सोललेली, आणि तिसरी वाफ देऊन वरचा कागद सोललेली. वेदान्तातही जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा तीनच अवस्था आहेत, त्यामुळे मराठी संग्राहकाला हे जड जाऊ नये. यात दुसऱ्या अवस्थेचा मालक सगळ्यांत थोर. दिसत नसलेल्या चित्रासाठी त्याने पैसे मोजलेले असतात आणि ते दिसू नये म्हणून तो जन्मभर झटतो. या सगळ्या चर्चेत आतल्या गाण्यांचा विषय एकदाही निघत नाही, हे वाचकाने टिपून ठेवावे. दुसरे उदाहरण १९६८ च्या पांढऱ्या अल्बमचे. कोऱ्या कव्हरावर प्रत्येक प्रतीचा क्रमांक छापलेला होता. रिंगो स्टारकडची पहिल्या क्रमांकाची प्रत लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत तीस वर्षांहून अधिक काळ होती, आणि २०१५ मध्ये ती लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरना गेली. ज्याने त्या रेकॉर्डवर स्वतः ड्रम वाजवले, त्यालाही ती वाजवण्यापेक्षा तिजोरीत बरी वाटली. याहून मोठा दाखला काय द्यावा?

तरीही रेकॉर्ड हाताळावी लागतेच, तेव्हा ती वाचावी. तळवे दोन्ही कडांना लावून तबकडी उचलावी, ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी आणि शेवटची खाच संपून लेबल सुरू होण्याआधी जी गुळगुळीत काळी पट्टी असते तिच्यावर नजर फिरवावी. तिथे सुईने कोरल्यासारखी अक्षरे आणि आकडे दिसतील. ही तबकडीची जन्मपत्रिका. ‘लेड झेपलिन टू’ या १९६९ च्या अल्बमच्या अमेरिकी प्रतीवर तिथे ‘आरएल’ अशी अक्षरे आढळली तर आनंदाने ओरडू नये, दुकानदार किंमत वाढवील. ही बॉब लडविग यांनी कापलेली मूळ आवृत्ती. तिच्यात खर्जाचा जोर इतका होता, की कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीच्या स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडू लागली असे सांगतात, आणि मग जोर कमी करून नवी आवृत्ती कापण्यात आली. इथे कुणी म्हणेल, की या प्रतीला मागणी आवाजासाठीच आहे ना? मागणीचे कारण आवाज हे आम्हाला मान्य आहे. पण मोठी रक्कम मोजून घेतलेली ‘आरएल’ प्रत किती वेळा लावली जाते? उलट एका पोरीने ती लावली म्हणून ती बाजारातून गेली, यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

कान हे या कामी भरवशाचे इंद्रिय नाही, हे २०२२ मध्ये जगजाहीर झाले. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या आवृत्त्या काढते. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये डिजिटल काही नाही, अशी तिच्या गिऱ्हाइकांची श्रद्धा होती. २०११ पासून त्यांतल्या अनेक आवृत्त्यांत डिजिटल टप्पा वापरला जात होता, हे बाहेर आल्यावर प्रकरण कोर्टात गेले. डिजिटलचा थंडपणा दोन खोल्यांपलीकडून ओळखतो असे सांगणाऱ्यांनी याच रेकॉर्डींच्या ऊबदारपणाची तारीफ इतकी वर्षे केली होती. ज्याने रेकॉर्डचे प्लास्टिक फाडले नव्हते, त्याच्यावर मात्र शब्द मागे घ्यायची पाळी आली नाही.

मग संगीताचे काय, असे विचारणारे भाबडे लोक असतात. संगीत फोनवर आहे. ल्युमिनेट या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले, की अमेरिकेत गेल्या वर्षभरात विनाइल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर आहे. उरलेल्या निम्म्यांना या मार्गदर्शनाची गरज नाही. ते स्वयंभू आहेत.

कार्यक्रमांना हाच नियम लावावा. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवली, आणि ती जुळवणी संपताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे, पण वादनाआधीच दाद देऊन मोकळे होणाऱ्याला पुढे ऐकण्याची जबाबदारी उरत नाही. त्या टाळ्या अल्बमवरही आहेत.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. या वस्तू मुळात वाजवण्यासाठीच घडवल्या होत्या. ‘वुडस्टॉक’चा १९७० चा तीन तबकड्यांचा संच पाहा. पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी नव्हे, सहावी बाजू आहे. दुसरीच्या पाठीवर पाचवी. एकावर एक रेकॉर्डी रचल्या की आपोआप खाली पडणाऱ्या प्लेअरसाठी ही सोय, म्हणजे ऐकणाऱ्याला तीन बाजू होईतो उठावे लागू नये. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या कव्हरला पॅन्टीची खरी चेन होती. गठ्ठ्यात ती शेजारच्या तबकडीवर दाबून गाण्याला खड्डा पाडू लागली, तेव्हा चेन अर्धी खाली ओढून माल पाठवायचे ठरले, म्हणजे दाब पडला तर मधल्या लेबलावर पडेल. गाणे वाचवण्यासाठी एवढा उपद्व्याप करणाऱ्यांना ते कुणीतरी ऐकेल अशी खात्री असणार. हे आम्ही नाकारत नाही. पण शिंपी चोळी शिवतो, म्हणून संग्रहालयाने ती घालून बघावी काय?

ऐकलेली रेकॉर्ड ओळखता यावी म्हणून एक खूण सांगून ठेवतो. फुटपाथवरच्या गठ्ठ्यातली तबकडी उजेडात धरली की काळ्या चकाकीत एखादीच पट्टी राखाडी, निस्तेज दिसते. बाकीची गाणी बरी असतात. तेवढ्या एका गाण्याच्या आरंभी बारीक ओरखड्यांचा पुंजका असतो, कारण कुणीतरी हात थरथरत असताना, कदाचित दिवे घालवून, सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच टेकवलेली असते. अशी रेकॉर्ड ‘गुड’च्याही खाली जाते. घेऊ नये. घेतलीच तर कव्हरासाठी घेतली असे सांगावे.

राहता राहिले पाहुणे. ते कपाटासमोर उभे राहून ‘एखादी लावा की’ म्हणतात. नाही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून जाणते संग्राहक आवडत्या अल्बमची दुसरी, स्वस्तातली प्रत पाहुण्यांपुरती बाळगतात. ही पद्धत आम्हाला मान्य आहे, मात्र ती प्रत दर महिन्याला ट्यूबलाइटखाली तपासावी. तिच्यावर राखाडी पट्टी उमटू लागली असेल आणि मध्यंतरी घरी पाहुणे कुणी आलेले नसतील, तर प्लेअरची वायर काढून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताब्यात द्यावी.