शिट्टी हीच पदवी

मे २०२४ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कममधल्या महापालिकेच्या बागेत दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीला जबर जखमी केले आणि सगळ्यांना परवाने आठवले. तिथे कुत्र्याला परवाना लागतो. पैदास करणाऱ्याला २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी लागते, विकणाऱ्या दुकानाला २०१८च्या. चावरे कुत्रे सुधारून देण्याची हमी घेणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र गळ्यात शिट्टी आणि खिशात बिस्किटे पुरतात. (एवढी मोकळीक एरवी ज्योतिषांनाच.) या प्रशिक्षकांपैकी बऱ्याच गुरुजींचे तत्त्वज्ञान एका ओळीचे: मालक कोण ते दाखवा, म्हणजे साखळीला हिसका द्या. यामागची, कळपात झगडून वर येणाऱ्या म्होरक्याची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासातली, आणि तो पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा. ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती मोडीत काढली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. बातमी गुरुजींपर्यंत अजून पोचायची आहे. हिसक्याने गुरगुरणे थांबते, हे खरे. पण गुरगुरणे ही पूर्वसूचना असते, ती दाबली की कुत्रे न सांगता चावू शकते.

प्रशिक्षकांनाही परवाना लावला तर चिरीमिरीचे आणखी एक खाते उघडेल, असा आक्षेप येईल. येऊ दे, लसीकरणाचा दाखला मागताना आपण ही भीती बाळगत नाही. तोवर वाचकहो, एवढेच विचारा: दुखणे तपासायला गुरुजी आधी पशुवैद्याकडे पाठवतात का, आणि शिकवणीला मालकालाही बसवतात का? आठवड्यात कुत्रे ‘दुरुस्त’ करून देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.