नव्व्याण्णव मेंढरं

आमच्याकडच्या उज्जीवन सभांमध्ये साक्षीला मोठा मान असतो, आणि साक्षीची किंमत ठरते ती मागच्या पापांवरून. दारू, जुगार, मारामारी, गेला बाजार तंबाखू तरी भूतकाळात असावी लागते. आमचे एक बंधू दर उन्हाळ्यात मंडपात साक्ष देतात. ते पूर्वी पीत असत हे खरंच आहे. पण सुरुवातीला त्यांच्या साक्षीत क्वार्टर असायची, पुढे हाफ आली आणि हल्ली खंब्यावर गेलंय. दारू सोडल्यानंतर पिण्याचं प्रमाण वाढलेला हा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. बायकोची भांडी विकल्याच्या प्रसंगाला मंडपात पदर डोळ्यांना लागतात, ‘हालेलूया’चा गजर होतो आणि पेटीवाला न सांगता सूर धरतो.

अशाच एका सभेत पाळकसाहेबांनी आमच्या सिस्टरना साक्षीला उभं केलं. सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि बीपीचं मशीन एकाच कप्प्यात असतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “सगळ्यांना सलाम. प्रभूच्या दयेनं बरं चाललंय. ज्यांच्या गोळ्या संपल्यात त्यांनी जाताना भेटून जा.” आणि बसल्या. हालेलूया नाही, सूर नाही. पेटीवाल्यानं भात्यावर ठेवलेला हात तसाच मागे घेतला. सभा सुटल्यावर मात्र त्या बंधूंभोवती चार माणसं होती आणि सिस्टरसमोर ही रांग! रांगेत ते बंधूही होते. साक्ष दिली की त्यांचा बीपी चढतो.

या अन्यायाचं मूळ थेट शुभवर्तमानात आहे. लूकच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळ शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला निघतो आणि नव्व्याण्णव रानात सोडून जातो. त्या एका मेंढरावर आजवर किती उपदेश झाले असतील, गणती नाही. घरोघरी भिंतीवर त्याची तसबीर आहे. मेंढपाळाच्या खांद्यावर बसून स्वारी ऐटीत घरी चालली आहे. उरलेल्या नव्व्याण्णवांची तसबीर कुणी लावली नाही. ती तिथंच चरत राहिली, अधूनमधून एकमेकांना ढुशा दिल्या असतील, पण पांगली नाहीत. एवढंच त्यांचं कर्तृत्व.

त्याच अध्यायात पुढे उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकटा बापाची जिंदगी उडवून परत येतो, तर त्याला झगा, अंगठी, पायात जोडा आणि वर पुष्ट वासरू. दिवसभर राबून शेतातून आलेला थोरला दाराबाहेर रुसून बसतो आणि त्याबद्दल उपदेशात दरवर्षी बोलणी खातो. पण मी म्हणतो, ते वासरू पुष्ट केलं कुणी? धाकटा तर परमुलखात डुकरं राखत होता! बाप समजूत काढायला बाहेर येतो, जे माझं ते सगळं तुझंच म्हणतो, आणि गोष्ट तिथंच संपते. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. मला विचाराल तर गेला, आणि पंगतीत पाणी पुरतंय का ते आधी बघितलं असणार.

पेत्राची सासूही याच गोतातली. मार्कच्या पहिल्याच अध्यायात ती तापानं पडलेली आहे. प्रभू हात धरून तिला उठवतो, ताप निघतो आणि ती लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. एवढा चमत्कार झाला, पण बाईंनी साक्ष काही दिली नाही.

ही माणसं बघायची तर कापणीच्या सणाला यावं. उपासना झाली की आवारात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. बाजरीची पोती, अंडी, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेला एखादा रागीट कोंबडा. कोंबड्यावर तरुण मंडळी इरेला पडतात. एकदा कोंबड्यानंतर आला एक दुधी. बारका, वाकडा, देठाकडे डाग पडलेला. आणणारी विधवा बाई मागे भिंतीला टेकून उभी होती. “दहा रुपये... दहा...” लिलाव पुकारणाऱ्या काकांचा आवाज उतरत गेला.

“वीस,” आमच्या निवृत्त शिक्षिका बाई म्हणाल्या. पुढे कुणीच बोलेना. “तीस,” बाईच म्हणाल्या.

“बाई, वीसची बोली तुमचीच होती.”

“ठाऊक आहे. पन्नास.”

अंकगणित शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंचं हे गणित काकांना उमगेना. पण गर्दीतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना उमगलं. एक जण “साठ” म्हणाला, दुसरा “ऐंशी”, आणि तो दुधी कोंबड्याच्या वरताण गेला. घेणाऱ्यानं तो अर्पण म्हणून परत दिला, पुन्हा लिलाव झाला आणि शेवटी बाईंनी तो घेऊन पाळकीणबाईंच्या हवाली केला. पाळकसाहेबांना दुधी आवडत नाही, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. बाई या विषयावर नंतर चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या विधवेनं पुढच्या वर्षी दोन दुधी आणले.

आता ही माणसं देवदूत आहेत असा कुणी समज करून घेऊ नये. वेदीवरची फुलं कुणी लावायची, यावरून स्त्रीमंडळात ज्या लढाया झाल्या त्यांची बखर होईल. सिस्टर आणि बाई यांच्यात तर नाताळच्या करंज्यांवरून कायमचा तंटा आहे. एकीचं सारण कोरडं, दुसरीची पारी जाड, असं दोघींचं एकमेकींबद्दलचं मत आहे. पण बाईंचा पाय मोडला तेव्हा सकाळ-संध्याकाळ डबा सिस्टरच्या घरून गेला. बाईंनी तो खाल्ला आणि आमटीत मीठ कमी असल्याचा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मिठाची पुडी आली. भांडण आपल्या जागी, डबा आपल्या जागी.

मोठी नावं आमच्यातही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे ६४ लिहिले ते लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर जेमतेम लिहा-वाचायला शिकलेल्या बाईंनी. शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तनं जोडला आणि १९३८ साली ग्रंथ छापून आणला. नवऱ्यानं उत्साहात सुरू करावं आणि बायकोनं निस्तरावं, ही आपल्याकडची रीत महाकाव्यालाही लागू पडली म्हणायची!

पंडिता रमाबाईंचंही तसंच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. रमाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते असलंच पाहिजे. पण त्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका-मुली होत्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, आणि पान छापून झालं की सोडवून परत खणात टाकायचं. खिळे जुळवण्यात साक्ष देण्यासारखं काय असतं? चुकलं तरच लोकांच्या लक्षात येतं.

आमच्या सिस्टर, आमच्या बाई त्या खिळे जुळवणाऱ्यांच्या वंशातल्या आहेत. धर्म टिकतो तो चमत्कारांमुळे, असं चमत्कार करणाऱ्यांचं म्हणणं असतं. मला तर तो सतरंज्या झटकणाऱ्यांमुळे टिकल्यासारखा दिसतो. स्वर्गात एका पापी माणसाच्या पश्चात्तापाचा आनंद जास्त होतो, हे शास्त्रवचन मला मान्य आहे. पण तो आनंद साजरा करायला तिथंही कुणीतरी खुर्च्या मांडत असणारच.

म्हणून मी पंचकमिटीपुढे एक ठराव मांडला. वर्षातला एक रविवार नव्व्याण्णवांचा, त्या दिवशी या मंडळींचा सत्कार करायचा. ठराव एकमतानं पास झाला आणि तिथंच अडला. मंडप कोण घालणार? बाईंचा जावई. चहा? सिस्टर. गाणी बसवायला बाई. सतरंज्या घालायला घंटेवाले आजोबा. सत्कारमूर्ती वजा केल्या तर काम करायला उरलो मी आणि साक्ष देणारे ते बंधू.

इतका वेळ गप्प बसलेल्या खजिनदार काकांनी चष्मा पुसला. दर रविवारी अर्पणाची थैली ओतून हेच काका फाटक्या नोटा चिकटवत बसतात. हिशोबात रुपया कमी आला, तर थैली उलटी करून शिवणीत अडकलाय का ते बघतात. सत्काराच्या यादीत त्यांचंही नाव होतं. त्यांनी वही उघडली आणि काळजीनं विचारलं,

“हारांचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? आणि माझा एक कमी करा. वीस-पंचवीस रुपये वाचतील.”