आधी चिडा, मग टेकवा

येलदरीत गोल्फचं मैदान नाही. पूर्णेवरचं धरण आहे, वीजघर आहे, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की लांबवर उघडा पडणारा गाळ आहे. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो. नवख्याला वाटतं, सरळ पाण्यापर्यंत चालत जावं. इथला माणूस मात्र आधी हातातली काठी पुढे टोचतो. काठी ठक्क वाजली तर पाऊल टाकायचं. पचकन वीतभर आत गेली तर गुमान वाट बदलायची. पेरणीच्या वेळीही तेच. मूठभर माती दाबून, फोडून वापसा पाहिल्याशिवाय तिफण रानात जात नाही. जमीन चाचपायची आणि मग काय ते करायचं, अशी आमची रीत.

गोल्फमध्ये या रीतीला दोन फटक्यांचा दंड आहे.

चेंडू बंकरमध्ये, म्हणजे मुद्दाम करून ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यात पडला, की तो मारण्याआधी त्याच्या लगत मागेपुढे काठी वाळूला टेकवायची नाही. सरावाचा झोका घेताना वाळू घासायची नाही. खऱ्या फटक्यासाठी काठी मागे नेतानाही नाही. वाळू भुसभुशीत आहे की दबलेली, हे हाताने किंवा काठीने मुद्दाम तपासायचं नाही. अडचणीत सापडलात ना, मग अडचण न चाचपता बाहेर या, असा एकूण हिशेब. मात्र उभं राहण्यासाठी पाय वाळूत खुशाल रोवता येतात. म्हणजे तळपायाला कळलं ते चालतं, हाताला कळलेलं चालत नाही. दमलात तर काठीवर रेलून उभं राहता येतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, वैतागून वाळूवर काठी आपटली तर दंड नाही, असं आजच्या नियमात चक्क लिहिलेलं आहे.

आमच्या दाजींना हे सांगितलं. मासे खाता खाता त्यांनी काटा बाजूला काढला.

"म्हंजे रागानं आपटली तर चालती, अन् हळूच टेकवली तर दंड?"

"होय."

"मंग राग येऊ द्यायचा की!"

दाजींनी दोन मिनिटांत पळवाट काढली. राग खरा की वाळू बघण्यापुरता आणलेला, हे ठरवायचं कोणी? गोल्फचं उत्तर असं, की आधी खेळाडूनेच. दर चेंडूमागे पंच उभा नसतो. चुकलं तर आपणच सांगायचं आणि आपल्याच आकड्यात दोन मिळवायचे. पायचीतचं अपील आयुष्यभर घसा फोडून केलेल्या आपल्या लोकांना हे पचायला जड आहे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरसुद्धा रणजीचे सामने होतात, यावरून आपला कल कुठे आहे ते कळावं.

पण असं सांगणारे निघतात. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत हिल्टन हेडच्या स्पर्धेत इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस जिम फ्युरिकविरुद्ध निर्णायक जादा होल खेळत होता. चेंडू किनाऱ्यालगतच्या अडचणीच्या जागेत गेला; तिथेही तेव्हा बंकरसारखाच नियम होता. तिथून मारताना मागे नेलेली काठी एका वाळक्या लव्हाळ्याच्या काडीला लागली. काडी कोणाच्या लक्षातही आली नव्हती. डेव्हिसने स्वतःच अधिकाऱ्याला बोलावलं. टीव्हीवर पाहिलं, काडी हललेली होती. दोन फटके, आणि स्पर्धा फ्युरिकची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डस्टिन जॉन्सनचं उलटं झालं. व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर हजारेक बंकर आहेत. पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलला तो एका फटक्याने पुढे होता. चेंडू उजवीकडे गर्दीत गेला. प्रेक्षकांनी तुडवून तुडवून त्या बंकरची पायवाट केलेली. जॉन्सनला वाटलं, उघडी जमीनच आहे. त्याने नेहमीसारखी काठी टेकवली. दोन फटके पडले, तिघांत होणारी निर्णायक लढत हुकली आणि तो पाचव्या क्रमांकावर घसरला. 'तुडवलेला असला तरी बंकर तो बंकरच' अशी सूचना खेळाडूंच्या खोलीत लावलेली होती. सूचना वाचायची सवय तिकडेही नसावी.

स्वीडनच्या ॲना नॉर्डक्विस्टची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. २०१६ च्या अमेरिकन महिला ओपनच्या निर्णायक लढतीत तिच्या काठीने वाळूचे मोजके कण हलवले. ते तिला दिसले नाहीत, कॅमेऱ्याने जवळ जाऊन टिपले. विजेतेपद ब्रिटनी लँगला मिळालं. पुढच्याच वर्षी नियमवाल्यांना उपरती झाली, आणि नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतं अशा गोष्टीसाठी कॅमेऱ्याच्या पुराव्यावर दंड करणं थांबलं.

२०१९ पासून नियम आणखी सैल झाले. लाल-पिवळ्या खुंटांच्या आतल्या पाण्याच्या, दलदलीच्या जागेत आता काठी टेकवता येते. बंकरमधला पालापाचोळाही उचलता येतो. डेव्हिसच्या काडीला आज दंड नाही. जॉन्सनला मात्र आजही दोन फटके बसतील, आणि माझ्या मते बसावेत. नाहीतर त्या हजार खड्ड्यांना अर्थ काय?

तेव्हा जिंतूर-येलदरीकडच्या कोणी पुढेमागे गोल्फ खेळायचं ठरवलंच, तर पाण्याजवळ खुशाल काठी टोचा. वाळूत उतरल्यावर मात्र हात आवरा. अगदीच राहवलं नाही, तर आधी मनापासून चिडा.